अफगाण घटनेत मानवी हक्कांचा जाहीरनामा होता, मग धर्मत्यागाला फाशीचा खटला उभा राहिलाच कसा?

चौकसराव

तुलनात्मक घटनाशास्त्राच्या एका टिपणासाठी विचारतोय. २००१ नंतर अफगाणिस्तानात आणि २००३ नंतर इराकमध्ये अमेरिका आणि युनोच्या छत्राखाली नव्या राज्यघटना झाल्या. २००४ च्या अफगाण घटनेचा अनुच्छेद ७ म्हणतो की राज्य मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा पाळेल. जाहीरनाम्याच्या १८ व्या कलमात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य सरळ शब्दांत लिहिलंय. तरीही २००६ च्या मार्चमध्ये अब्दुल रहमान या ख्रिस्ती झालेल्या अफगाण माणसावर काबूलच्या कोर्टात खटला चालला आणि सरकारी वकील फाशी मागत होता.

माझे अडलेले मुद्दे:

१. खटला कोणत्या कलमाखाली? १९७६ च्या दंड संहितेत ‘धर्मत्याग’ नावाचा गुन्हा मला सापडला नाही.
२. अनुच्छेद ७ कोर्टात का चालला नाही?
३. इराकमध्ये असा खटला का झाला नाही?
४. पैसा बाहेरचा, फौज बाहेरची, सल्लागार बाहेरचे. मग एवढी एक ओळ घालून घेता आली नाही?

‘इस्लाम विरुद्ध लोकशाही’ छापाची हाणामारी नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. कलमांवर बोलू.

मुन्सफ

तुम्हाला सापडलं नाही, कारण ते तिथे नव्हतंच. या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते: ‘अफगाण कायद्यात धर्मत्यागाला फाशी होती’ असं बिनदिक्कत लिहून मोकळे होतात. कायद्यात शिक्षा नव्हती, शिक्षेकडे नेणारं दार होतं. दारं दोन होती.

पहिलं, १९७६ च्या दंड संहितेचं कलम १. हा कायदा फक्त ताजीर गुन्ह्यांपुरता (म्हणजे ज्यांची शिक्षा राज्यानं ठरवायची ते), आणि हुदूद (धर्मानं शिक्षा ठरवून दिलेले गुन्हे), किसास (जशास तशी शिक्षा) व दियत (रक्ताची भरपाई) यांतल्या गुन्हेगारांना हनफी फिक्हप्रमाणे, म्हणजे सुन्नींच्या हनफी पंथाच्या धर्मशास्त्रीय कायद्याप्रमाणे, शिक्षा होईल, असं ते म्हणतं. म्हणजे संहिता स्वतःच सांगते की सगळ्यात गंभीर गुन्ह्यांची यादी माझ्यात शोधू नका. २०१७ ची नवी दंड संहिता मोठा गाजावाजा करून आली, पण ही तरतूद तिनेही ठेवली.

दुसरं, घटनेचा अनुच्छेद १३०. समोरच्या प्रकरणावर घटनेत किंवा कायद्यात काही तरतूद नसेल, तर न्यायालयानं घटनेच्या मर्यादेत राहून हनफी फिक्हनुसार, न्याय उत्तम साधेल असा निकाल द्यावा. आता यात गोची बघा. घटनेचाच अनुच्छेद २७ सांगतो की कृत्य करण्याआधी जारी झालेल्या कायद्यात गुन्हा म्हटलेलं नसेल तर ते कृत्य गुन्हा नाही. आपल्याकडे घटनेच्या अनुच्छेद २० (१) मध्ये जे आहे, तेच तत्त्व. फौजदारी खटल्यात ‘कायदा गप्प आहे’ याचा अर्थ ‘आरोपी सुटला’ असा व्हायला हवा. काबूलमध्ये त्याचा अर्थ ‘फिक्ह उघडा’ असा झाला. २७ आणि १३० यांत वर कोण, हे घटनेत कुठेच सांगितलेलं नाही. दिवाणी वादापुरतं १३० ठेवलं असतं तर काही बिघडत नव्हतं. ‘फौजदारी प्रकरणे वगळून’ हे तीन शब्द तिथे घातले असते तर एक दार बंद झालं असतं. दुसऱ्यासाठी दंड संहिता बदलावी लागली असती.

आता अनुच्छेद ७. तो वाचताना त्याच्यासोबत तीन अनुच्छेद वाचावेच लागतात.

अनुच्छेद ३: इस्लामच्या ‘मोतकदात व अहकाम’ यांच्या विरोधात कोणताही कायदा असू शकत नाही. मोतकदात म्हणजे श्रद्धा, आणि अहकाम हे आपल्या ‘हुकूम’चंच अनेकवचन. १९६४ च्या राजेशाहीच्या घटनेत अनुच्छेद ६४ मध्ये असाच अडसर होता, पण तो इस्लामच्या ‘मूलभूत तत्त्वां’पुरता होता, आणि त्याला जोडून ‘या घटनेतील इतर मूल्ये’ असंही लिहिलेलं होतं. २००४ मध्ये तत्त्वांच्या जागी अहकाम आले आणि इतर मूल्यं गळाली. तत्त्वांचा अर्थ लावता येतो. अहकाम म्हटलं की पुस्तकातला तयार नियमच समोर ठेवता येतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या राजाची घटना या बाबतीत अधिक मोकळी होती, हे फार कमी जण लिहितात.

अनुच्छेद १२१: कायदे, वटहुकूम आणि आंतरराष्ट्रीय करार घटनेशी सुसंगत आहेत का, हे सर्वोच्च न्यायालय तपासेल, तेही सरकारच्या किंवा न्यायालयांच्या विनंतीवरून. म्हणजे करार घटनेच्या खाली, आणि घटनेत अनुच्छेद ३ बसलेला. शिवाय सामान्य नागरिकाला थेट दाद मागायची सोय नाही. आपल्या अनुच्छेद ३२ सारखं तिथे काही नव्हतं. आरोपीनं ‘माझा अनुच्छेद ७ मोडला’ असं म्हणायचं ठरवलं, तरी ते सर्वोच्च न्यायालयाकडे न्यायचं की नाही हे त्याच्यासमोर बसलेला न्यायाधीशच ठरवणार.

अनुच्छेद १४९: इस्लामच्या मूलतत्त्वांना बांधील राहणं हे घटनादुरुस्तीच्या पलीकडे. तेव्हा ‘पुढे सुधारू’ हा मार्गही बंद.

आणि अनुच्छेद २ चा दुसरा परिच्छेद बारकाईने वाचा. ‘इतर धर्मांचे अनुयायी’ कायद्याच्या मर्यादेत आपले विधी पार पाडायला मोकळे आहेत. ही हमी काबूल-जलालाबादच्या हिंदू-शिखांसारख्या, आधीपासून दुसऱ्या धर्मात असलेल्यांना उद्देशून आहे. एका धर्मातून दुसऱ्यात जाणारी व्यक्ती त्या वाक्यात कुठेच बसत नाही.

तळटीपवाला

मुन्सफ यांच्याशी सहमत, पण फिक्हच्या बाजूनं एक भर घालायला हवी, कारण ‘हनफी फिक्ह म्हणजे फाशी’ एवढ्यावर भागत नाही.

हनफी मताप्रमाणे धर्म सोडणाऱ्या पुरुषाला परत येण्यासाठी साधारण तीन दिवसांची मुदत, आणि तरी ऐकलं नाही तर मृत्युदंड. स्त्रीला मृत्युदंड नाही, ती परत येईपर्यंत कैद. इतर सुन्नी पंथांत हा फरक नाही. वेड्याचा, अजाण मुलाचा आणि जबरदस्तीखाली केलेला धर्मत्याग धर्मत्यागच नव्हे. दिवाणी परिणाम वेगळे: विवाह तुटतो, मालमत्तेवरचा हक्क लटकतो, मुसलमान नातेवाइकाचा वारसा मिळत नाही.

गंमत अशी की हनफींच्या प्रमाण ग्रंथांत, उदाहरणार्थ बाराव्या शतकातल्या मर्घिनानींच्या हिदायामध्ये, धर्मत्यागाचे नियम हुदूदच्या प्रकरणात येत नाहीत. ते सियरच्या प्रकरणात येतात, म्हणजे युद्ध आणि परक्यांशी संबंध यांच्या नियमांत. स्त्रीला मृत्युदंड का नाही, याचं त्यांचं स्पष्टीकरणही तिथूनच येतं: ती लढवय्यी नाही. तेव्हा कोणी मन लावून युक्तिवाद केला असता की ‘संहितेचं कलम १ हुदूदबद्दल बोलतं, हनफी मांडणीत धर्मत्याग हुदूदमध्ये नाही, सबब कलम १ लागूच होत नाही’, तर तो युक्तिवाद त्यांच्याच शाळेतला होता. पण असा युक्तिवाद करायला वकील हवा, आणि ऐकायला तशी तालीम असलेला न्यायाधीश हवा.

सर्वोच्च न्यायालयासाठी घटनेच्या अनुच्छेद ११८ मध्ये कायद्याची किंवा इस्लामी फिक्हची उच्च पदवी, यांपैकी कोणतीही एक चालत होती. २००६ पर्यंत सरन्यायाधीश होते मदरशात शिकलेले फजल हादी शिनवारी. त्याच वर्षी नव्या संसदेनं त्यांची फेरनियुक्ती फेटाळली आणि अब्दुल सलाम अझीमी आले. खटला त्या आधीचा. अर्थात नवे सरन्यायाधीश आले म्हणून वारं फिरलं असं समजू नका. २००७ मध्ये त्याच न्यायालयाच्या फतवा विभागानं बहाई पंथ इस्लामबाहेरचा आणि ईशनिंदक ठरवला, आणि इस्लाममधून तिकडे जाणारे धर्मत्यागी, असंही सांगितलं.

दजला-फुरात

इराकचं. तिथे धर्मत्याग दंड संहितेत नाही (१९६९ चा कायदा क्र. १११), आणि फिक्हकडे नेणारं कलम १ सारखं दारही त्या संहितेत नाही. ती संहिता धर्मनिरपेक्ष धाटणीची आहे आणि २००३ नंतर ती तशीच चालू राहिली. म्हणून फाशीचा खटला नाही. यात २००५ च्या घटनेचं श्रेय थोडं, जुन्या संहितेचं जास्त.

घटनेतला अनुच्छेद २ हा तिपेडी दोर आहे: (अ) इस्लामच्या सुस्थापित अहकामांविरुद्ध कायदा नको, (ब) लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्ध नको, (क) या घटनेतल्या हक्क आणि स्वातंत्र्यांविरुद्ध नको. तिन्ही एका पातळीवर. अनुच्छेद ४२ प्रत्येक व्यक्तीला विचार, सदसद्विवेक आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो. अफगाण घटनेपेक्षा कागदावर हे बरंच बरं. पण (अ) आणि (क) भांडले तर कोण जिंकणार, हे घटनेनं न्यायालयावर सोडलं. त्या न्यायालयात न्यायाधीशांबरोबर फिक्हचे तज्ज्ञ आणि कायदेपंडित असतील असं अनुच्छेद ९२ म्हणतो, किती आणि कसे निवडायचे हे दोन-तृतीयांश बहुमताच्या कायद्यावर टाकलं, आणि तो कायदा वर्षानुवर्षं रखडला.

मात्र ‘इराकमध्ये धर्म बदलता येतो’ असं लिहून टाकू नका. तिथला पेच फौजदारी कोर्टात नाही, नोंदणी कचेरीत आहे. २०१६ च्या राष्ट्रीय ओळखपत्र कायद्याचं (क्र. ३) कलम २६ पाहा. बिगर-मुस्लिमाला धर्मबदल नोंदवता येतो. मुस्लिमासाठी तशी तरतूदच नाही. आणि आई-वडिलांपैकी एकानं इस्लाम स्वीकारला की अज्ञान मुलं आपोआप मुस्लिम म्हणून नोंदली जातात.

आता याचे परिणाम साखळीनं बघा. ओळखपत्रावर ‘मुस्लिम’ आहे, म्हणून ती बाई मुस्लिमच धरली जाते. १९५९ च्या व्यक्तिगत कायद्याच्या (क्र. १८८) कलम १७ प्रमाणे मुस्लिम स्त्रीचा बिगर-मुस्लिमाशी विवाह वैध नाही, म्हणून तिचा चर्चमधला विवाह नोंदत नाही. विवाह नोंदला नाही म्हणून मुलांच्या कागदपत्रांची अडचण. मुलं कागदावर मुस्लिम, म्हणून शाळेत धर्मशिक्षण इस्लामचं. वारसाहक्काचंही तसंच. एकही न्यायाधीश ‘धर्मत्याग’ हा शब्द उच्चारत नाही आणि तरी माणूस अडकतो. आयसिसच्या कैदेत अत्याचारातून जन्मलेल्या यझिदी स्त्रियांच्या मुलांची नोंद याच कलमामुळे मुस्लिम अशी होते. तो प्रश्न अजून चिघळतो आहे.

बहाईंवर तर १९७० च्या कायदा क्र. १०५ ने सरळ बंदी आहे. सद्दाम गेला, बंदी राहिली.

चौकसराव

उत्तम. अब्दुल रहमानबद्दल एक शंका. तो शेवटी सुटला ना? म्हणजे बाहेरच्या दबावाचा उपयोग झाला असंच म्हणायचं?

मुन्सफ

माणूस सुटला. हक्क तिथल्या तिथेच राहिला. सुटका कशी झाली हे पायरीपायरीनं पाहिलं की कळतं.

फेब्रुवारीत अटक, मार्चच्या मध्याला सुनावणी. इटली, जर्मनी, कॅनडा, अमेरिका यांचा दबाव, पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं पत्र. २६ मार्चला न्यायालयानं पुराव्यात त्रुटी आहेत आणि आरोपीची मनःस्थिती तपासायला हवी, असं सांगून कागद सरकारी वकिलाकडे परत पाठवले. मग गुपचूप सुटका. २९ मार्चला अफगाण संसद ‘त्याला देशाबाहेर जाऊ देऊ नका’ म्हणत होती, तोवर तो इटलीत पोहोचलाही होता.

वर तळटीपवाल्यांनी लिहिलंय ते इथे जोडा: वेड्याचा धर्मत्याग फिक्हमध्ये धर्मत्याग नाही. म्हणजे निवडलेली पळवाट फिक्हच्या आतली होती. ‘घटनेनुसार हा गुन्हाच नाही’ असं एका ओळीत म्हणायचं न्यायालयानं टाळलं. निकालच नाही, म्हणून पूर्वनिर्णयही नाही. पुढच्या आरोपीच्या हातात काय? शून्य.

बाकीची प्रकरणंही त्याच सुरातली. ‘हकूक-ए-झन’ मासिकाचे संपादक अली मोहक्किक नसब यांना २००५ मध्ये ईशनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा झाली, धर्मत्यागाला मृत्युदंड असावा का यावर प्रश्न विचारणारा मजकूर छापला म्हणून. डिसेंबरात ते सुटले. बल्ख विद्यापीठातला पत्रकारितेचा विद्यार्थी परवेझ कामबख्श याला जानेवारी २००८ मध्ये मृत्युदंड, ऑक्टोबरात अपिलात वीस वर्षं, सर्वोच्च न्यायालयात तीच कायम, आणि २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष करझाईंची माफी आणि परदेश. माफीचा अधिकार अनुच्छेद ६४ मध्ये होता, आणि अनुच्छेद १२९ प्रमाणे फाशीला राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लागायची. बाहेरच्यांना दाबायला हेच एक बटण मिळालं होतं. पण माफी म्हणजे आधी गुन्हा मान्य करणं आलंच.

(टिपणात एक काळजी घ्या: नसब आणि कामबख्श ही ईशनिंदेची प्रकरणं, अब्दुल रहमानचं धर्मत्यागाचं. परदेशी बातम्यांत दोन्हीची खिचडी झालेली आढळेल. पुरावा, मुदत, पश्चात्तापाची सोय, सगळं वेगळं असतं.)

कागदीघोडे

प्रश्न ४ वर कोणी आलं नाही म्हणून.

‘बाहेरच्यांनी ओळ का घातली नाही’ या प्रश्नात गृहीतक असं की घटना बाहेरून लिहिली गेली. तसं नव्हतं. डिसेंबर २००१ च्या बॉन करारानं राजेशाहीचा भाग वगळून १९६४ ची घटना तात्पुरती लागू केली आणि नवी घटना लोया जिरग्यातून (देशभरच्या प्रतिनिधींची पारंपरिक महासभा) येईल असं ठरवलं. आधी नऊ जणांची मसुदा समिती, मग ३५ जणांचा आयोग, मग १४ डिसेंबर २००३ ते ४ जानेवारी २००४ असा ५०२ प्रतिनिधींचा जिरगा. त्यात जिहादी पक्षांचे नेते भक्कम संख्येनं होते. ज्यांच्या फौजा तालिबानविरुद्ध उभ्या होत्या, तेच मांडवात बसलेले. युनोचे लखदर ब्राहिमी आणि अमेरिकेचे राजदूत झल्मय खलीलझाद तिथे होते, पण त्यांचा जीव कशात अडकलेला? बलवान राष्ट्राध्यक्ष मिळतो का, यात. भाषांचा दर्जा, राष्ट्रगीत, संसदेचे अधिकार यांवरून जिरगा मोडायची वेळ आली होती. अशा वेळी अनुच्छेद ३ हे चलन होतं: तुम्ही राष्ट्राध्यक्षपद द्या, आम्ही अहकाम देतो. देवाणघेवाणीत धर्मस्वातंत्र्याला वाली नव्हता, कारण धर्म सोडणाऱ्यांचा गट जिरग्यात नसतो, असू शकत नाही.

आणि ओळ घातली असती तरी? अफगाणिस्ताननं १९४८ मध्ये जाहीरनाम्याच्या बाजूनं मत दिलेलं, १९८३ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात प्रवेश केलेला. ओळींची टंचाई नव्हतीच. (अवांतर: त्या कराराच्या १८ व्या कलमात ‘बदलण्याचं’ ऐवजी धर्म ‘असण्याचं किंवा स्वीकारण्याचं’ स्वातंत्र्य असे शब्द आहेत. १९४८ च्या शब्दाला आक्षेप होता म्हणून ही तडजोड. युनोच्या मानवी हक्क समितीनं १९९३ मध्ये टिप्पणी २२ मध्ये सांगितलं की यात बदलणं येतंच. टिपणात दोन्ही शब्दयोजना वेगळ्या दाखवा.)

इराकमध्ये तर बाहेरच्या हाताची ताकद आणि तिची मुदत दोन्ही स्पष्ट दिसतात. डिसेंबर २००३ मध्ये शासक परिषदेनं ठराव १३७ करून १९५९ चा व्यक्तिगत कायदा बाजूला सारायचा प्रयत्न केला. इराकचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सही केली नाही, स्त्रिया रस्त्यावर आल्या, फेब्रुवारीत ठराव मागे घेतला गेला. ब्रेमर जूनमध्ये गेले. पुढच्या वर्षीच्या घटनेत अनुच्छेद ४१ आला: व्यक्तिगत बाबी आपापल्या पंथाप्रमाणे. आणि २०२५ मध्ये संसदेनं त्याच दिशेची दुरुस्ती केली. बाहेरच्या नकाराधिकाराचं आयुष्य बाहेरच्याच्या मुक्कामाएवढं.

उलट उदाहरण हवं असेल तर सुदान घ्या. परकी फौज नाही, आंदोलनातून आलेलं संक्रमण सरकार. १९९१ च्या फौजदारी कायद्यात कलम १२६ मध्ये धर्मत्यागाला मृत्युदंड लिहिलेला. जुलै २०२० मध्ये ते कलम काढलं आणि त्या जागी दुसऱ्याला काफिर ठरवण्यालाच मनाई घातली. खोडायला छापील कलम होतं म्हणून खोडता आलं. काबूलमध्ये खोडायचं काय? फिक्ह खोडता येत नाही, तिच्याकडे जाणारा रस्ता बंद करता येतो, आणि तो १३० मध्ये आणि संहितेच्या कलम १ मध्ये होता.

तळटीपवाला

कागदीघोडे यांचा शेवटचा मुद्दा आपल्याच इतिहासात तपासून बघता येतो. कंपनी सरकारच्या १८५० च्या कायदा २१ ने एवढंच म्हटलं की धर्म सोडला किंवा जातीबाहेर काढलं म्हणून मालमत्तेचा किंवा वारसाचा हक्क जाणार नाही. तेव्हाच्या मुंबई इलाख्यालाही तो लागू होता. त्यानं हिंदू धर्मशास्त्र किंवा फिक्ह ‘बदललं’ नाही, न्यायालयानं त्यातला तेवढा भाग राबवायचा नाही असं सांगितलं. आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा: हनफी नियमात बायकोला फारकतीच्या वाटा फार कमी, म्हणून विवाह तोडण्यासाठी काही स्त्रिया इस्लाम सोडत. कलम २ ने फारकतीची कारणं वाढवली आणि कलम ४ ने सांगितलं की केवळ धर्मत्यागानं विवाह तुटणार नाही. यात उलेमांचा पुढाकार होता हे विसरू नका. मालिकी पंथातले नियम घेऊन आतूनच वाट काढली. अफगाण आयोगासमोर हा नमुना शेजारच्याच देशात पडलेला होता.

मुन्सफ

टिपणासाठी व्यावहारिक सूचना, चौकसराव. अशी कोणतीही घटना हातात आली की हक्कांच्या प्रकरणापासून सुरुवात करू नका, ते सगळीकडे गोंडसच असतं. आधी ‘कायदा गप्प असेल तर काय’ हे कलम शोधा. मग दंड संहितेचं पहिलं-दुसरं कलम. मग घटनेचा अर्थ कोण लावतो आणि त्याच्याकडे आरोपी स्वतः जाऊ शकतो का. मग जन्म-विवाह नोंदणीचा कायदा, धर्माचा रकाना कोण आणि कशावरून बदलतो. हक्कांचं प्रकरण त्यानंतर.

भाषांतरावर भिस्त ठेवू नका. अनुच्छेद ३ च्या इंग्रजी प्रतींत कुठे ‘श्रद्धा आणि तरतुदी’ आहे, कुठे नुसतीच ‘तत्त्वं’, आणि सगळा वाद तर त्याच दोन शब्दांवर आहे. दरी भाषेतलं मूळ पाहा, लिपी उर्दूच्या जवळची आहे, उर्दू वाचणारा कोणी शेजारी बसवलात तरी ‘अहकाम’ सापडेल. आणि काळ भूतकाळी वापरा: ऑगस्ट २०२१ नंतर ती घटना लागू नाही.

चौकसराव

नोंदणी कायद्याचं डोक्यातच नव्हतं, टिपणाची मांडणी बदलतो. दजला-फुरात, कलम २६ चं अरबी मूळ कुठे मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

दजला-फुरात

करतो. ‘अल-वकाए अल-इराकिया’ या तिथल्या सरकारी राजपत्रात आहे. शोधताना ‘अल-बिताका अल-वतनिया’ असं घाला. आणि २६ ची दोन्ही उपकलमं एकत्र वाचा. पहिलं वाचून लोक खूश होतात आणि पुस्तक मिटतात, मुलांचं दुसऱ्यात आहे.